शेटेसानचं कोरोक्के

घोरपडेनं कोरोक्के मधोमध मोडलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"बघ. हे तांबूस काय दिसतंय?"

"मसाला असेल," मी म्हणालो.

"जपानी माणूस आणि मसाला? खिमा आहे मर्दा." त्यानं अर्धा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. "झकास आहे पण. पाच महिने एकट्यानंच हाणलंस होय, सोवळेबुवा?"

आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि माझ्या हातात माझं कोरोक्के होतं, अर्धं खाल्लेलं. घोरपडे चारच दिवसांपूर्वी कोल्हापूरच्या आमच्या कारखान्यातून तिथं आला होता. जपानमधली सगळ्यात चांगली गोष्ट त्याला दाखवावी म्हणून मीच त्याला तोमिनागाबाईंच्या दुकानाच्या खिडकीवर घेऊन गेलो होतो. लोकांवर उपकार करायची माझी सवय मला अशी नडते.

कोरोक्के म्हणजे काय ते आधी सांगतो. उकडलेला बटाटा कुस्करायचा, त्यात परतलेला कांदा घालायचा, चपटा लांबट गोळा करून पावाच्या चुऱ्यात घोळवायचा आणि तळायचा. आपल्या बटाटेवड्याचा परदेशात स्थायिक होऊन मिरची विसरलेला चुलतभाऊ म्हणा. वरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि पहिल्या घासाला हमखास जीभ भाजणार. ही माझी समजूत. खिमा हा तपशील माझ्या समजुतीत नव्हता.

मी महालिंग शेटे, गडहिंग्लजचा. घराणं लिंगायत. वडील, म्हणजे आमचे अण्णा, पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारे. कंपनीनं मला यंत्रं शिकायला सहा महिन्यांसाठी जपानला पाठवायचं ठरवलं तेव्हा आळीत पेढे वाटले गेले. अण्णांनी पेढा खाल्ला नाही. मला मठात नेलं, स्वामींसमोर बसवलं आणि म्हणाले, "यंत्रं कुठलीबी शिकून ये. तोंड हाय तसं परत आण." मी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या करंड्यावर हात ठेवून शब्द दिला. पंचविशीत माणूस शब्द फार सढळ हातानं देतो.

तिथं पोचल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत कळलं की त्या देशात मासा कुठं नाही हे शोधणं अवघड आहे. वरण समजून घेतलेल्या वाटीत मासा, काकडीवर मासा, नुसत्या गरम पाण्यातसुद्धा मासा उकळून काढून घेतलेला. मी भात आणि मीठ खाऊन दिवस काढत होतो. करगोटा सैल झाला. तेव्हा निशिओसान मला हाताला धरून त्या खिडकीवर घेऊन गेले.

निशिओसान म्हणजे कारखान्याच्या कचेरीतले साहेब; सान म्हणजे आपलं राव. आमच्यासारख्या शिकाऊ परदेशी लोकांचं राहणं, खाणं, आजारपण हे सगळं त्यांच्याकडं. चष्मा, खिशात छोटी वही, आणि माणूस शिंकला तरी तिच्यात नोंद. त्यांना इंग्रजी येत होतं. मी काय खात नाही ते त्यांनी पहिल्याच दिवशी अर्धा तास विचारून लिहून घेतलं होतं. अंडं चालतं का, अंड्याचा हात लागलेलं चालतं का, चरबी चालते का. मला वाटलं, चौकशी करायची हौस असते एखाद्याला.

खिडकी कारखान्याच्या मागच्या गल्लीत होती. पांढरी टोपी घातलेल्या, साठीच्या तोमिनागाबाई तिथं उभ्या असत. समोर तळलेल्या कोरोक्केंचं मोठं ताट. सायकलवाल्या बायका यायच्या, त्या ताटातून घेऊन जायच्या. मी दिसलो की मात्र बाई ताटाला हात लावायच्या नाहीत. आत जायच्या आणि माझ्यासाठी दोन वेगळे, गरम, घेऊन यायच्या. वर तपकिरी सॉस घालायच्या नाहीत, चिमूटभर मीठ भुरभुरायच्या. मी याचा अर्थ असा लावला की रोजचं गिऱ्हाईक म्हणून आपल्याला ताजा माल मिळतो, आणि बाईंनी आपल्यातला खवय्या ओळखलाय. स्वतःबद्दल असं काही मनात आलं की माणूस ते तपासून बघत नाही.

बाईंशी माझं गूळपीठ जमलं. त्या मला रोज एक शब्द शिकवायच्या आणि दुसऱ्या दिवशी विचारायच्या. "शेटेसान, आज कारखान्यात काय मोडलं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगायचो, त्या तोंडावर हात धरून हसायच्या. एकदा त्यांनी गळ्यातल्या करंड्याबद्दल विचारलं. "देव," मी म्हणालो, "वडील. शब्द." तेवढंच येत होतं. बाईंनी हातातला झारा खाली ठेवला आणि करंड्याला हात जोडले. परक्या मुलखात माझ्याकडं कुणी आपलं माणूस होतं तर त्या होत्या.

ऑगस्टमध्ये गंमत झाली. श्रावण लागला, म्हणून मी कांदा सोडला. निशिओसाननी विचारलं, आज कारखान्याचा जेवणाचा डबा का परत आला, तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी वही काढली. दोन दिवसांनी धीर करून खिडकीवर गेलो, वाटलं आता महिनाभर कोरोक्केही बंद. चावून बघितलं तर आत कांदा नव्हता, मक्याचे दाणे होते. पूर्ण महिनाभर मक्याचे दाणे. मी अण्णांना पत्र लिहिलं की इथले लोकही श्रावणात कांदा खात नाहीत, त्यांची आणि आपली संस्कृती मुळात एकच असावी. अण्णांनी ते पत्र मठात वाचून दाखवलं आणि स्वामींनी प्रवचनात घेतलं म्हणे.

तर हा एवढा अभ्यासू माणूस नदीकाठच्या बाकावर बसला होता आणि घोरपडे त्याला खिमा दाखवत होता.

"माझ्यात नाही," मी म्हणालो. माझं कोरोक्के मी उघडून बघितलं. आत पांढरा बटाटा आणि कांदा.

"तुझ्यात बारीक केलेला असंल. आणि नसला समज, तरी तेल? तुझ्यासाठी काय वेगळी कढई मांडलीय व्हय त्या बाईनं?" तो उठला. "चल, तुला एक दाखवतो."

मला तो गल्लीत घेऊन गेला, खिडकीवरून पुढं, आणि कोपऱ्यावरून वळवलं. पाच महिन्यांत मी तो कोपरा कधी वळलो नव्हतो. माझं वसतिगृह उलट्या बाजूला. यंत्राचा नकाशा तिन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय सही न करणारा मी, दुकान एकाच बाजूनं बघितलं होतं. कोपऱ्यापलीकडं त्याच दुकानाचं तोंड होतं. काचेच्या कपाटात मांसाचे लाल तुकडे ओळीनं मांडलेले, आणि मागं तोमिनागाबाईंचे यजमान हातात सुरी घेऊन उभे. मला बघून ते हसले आणि वाकले.

"खाटकाचं दुकान आहे," घोरपडे म्हणाला. "इथं सगळीकडं कोरोक्के खाटकाकडंच मिळतात. मला तर पहिल्याच दिवशी कळलं."

मी गटारीपाशी बसून ओकलो. घोरपडे पाठीवरून हात फिरवत होता आणि "एवढं काय त्यात" असं म्हणत होता. पाच महिने माझी स्वतःची जीभ आणि दात रोज साक्ष देत होते, आणि मी घोरपडेची चार दिवसांची साक्ष मान्य केली. पण त्या घडीला मला फक्त अण्णा दिसत होते. दीडशे दिवस, रोज दोन. तोंड हाय तसं परत आण.

तोंड पुसून मी सरळ खिडकीवर गेलो. चारपाच बायका उभ्या होत्या. त्यांना बाजूला सारून मी पुढं झालो आणि हातातली उरलेल्या कोरोक्केची पुडी बाईंसमोर आपटली.

"तुम्ही मांस," मी ओरडलो. जेवढं जपानी येत होतं तेवढं सगळं बाहेर आलं, आणि नेमकं त्यांनीच शिकवलेलं. "मी मांस नाही. तुम्ही माहीत. का सांगितलं नाही? पाच महिने, वाईट. तुम्ही वाईट माणूस."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी पुडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग टोपी काढली आणि कपाळ खिडकीच्या फळीला टेकेल इतक्या खाली वाकल्या.

"माफ करा, शेटेसान. खरोखर माफ करा."

झालं. आमच्या गडहिंग्लजात पायावर सायकल घातली तरी माणूस आधी "तुम्हाला दिसत नाही का" असं म्हणतो. चूक कबूल करायची तर ती साक्षीपुराव्यानिशी पदरात घालावी लागते, आणि तरीसुद्धा तो पदर झटकतो. असल्या गावात वाढलेल्या माणसासमोर कुणी आपणहून, चारचौघांत, टोपी काढून माफी मागितली तर तो काय समजणार? गुन्हा साबित झाला असंच मी समजलो. "माफी नको," मी म्हणालो, आणि पाठ फिरवली. मागं बाई अजून वाकलेल्याच होत्या.

त्या रात्री मी गळ्यातला करंडा काढून खणात ठेवला. लिंगायतानं इष्टलिंग अंगावेगळं करायचं नसतं. पण बाटलेल्या तोंडानं रोज त्याची पूजा कशी करायची हेही मला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी नदीवरून लांबचा रस्ता धरला आणि पुन्हा भात आणि मिठावर आलो. घोरपडे रोज त्या खिडकीवर जायचा आणि मला वर्णन ऐकवायचा. "बाईनं तुझं विचारलं," असंही एकदा म्हणाला. मी म्हटलं, "सांग, मेला म्हणून." त्यानं ते सांगितलं नसावं, त्याला तेवढं जपानी येत नव्हतं.

महिना असा गेला. नोव्हेंबरच्या शेवटी माझं परतीचं तिकीट आलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी निशिओसाननी मला कचेरीत बोलावलं. समोर एक फाइल, एक छापील कागद आणि हातात पेन.

"तुमच्यानंतरही शाकाहारी माणसं येतील," ते म्हणाले. "त्यांची व्यवस्था सुधारायची आहे. ऑक्टोबरमध्ये तुम्ही तोमिनागासानकडचं कोरोक्के घेणं बंद केलंत. त्यात काय दोष आढळला?"

"दोष?" मला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. "मांस आढळलं. हा दोष लिहा."

निशिओसाननी पेन खाली ठेवलं. "तुमच्या कोरोक्केमध्ये?"

"माझ्या मित्राच्यात. म्हणजे तेच. दुकान एकच, तेल एकच."

त्यांनी फाइल उघडली आणि एक कागद माझ्यासमोर सरकवला. आमच्या कारखान्यात एखादा सुटा भाग बनवायचा तर कुठलं काम कशानंतर करायचं याचा जसा तक्ता असतो, अगदी तसा तक्ता. चौकटी, आकडे, आणि खाली लाल शिक्का. जपानी मला वाचता येत नव्हतं. निशिओसान एकेका चौकटीवर बोट ठेवून वाचत गेले.

"विषय, शेटेसानचं कोरोक्के. बटाटा वेगळ्या पातेल्यात उकडणे. खिमा घालायच्या आधी त्यांचा वाटा काढून ठेवणे. अंड्याऐवजी पिठाचं पाणी. कढई स्वतंत्र, तेल स्वतंत्र, वनस्पतीचं. झारा स्वतंत्र. सॉसमध्ये मासा असतो, म्हणून मीठ. हा तोमिनागासानचा शिक्का, मे महिन्यातला." त्यांनी कागद उलटला. "आणि ही दुरुस्ती क्रमांक एक. ऑगस्ट, कांदा बंद, त्याऐवजी मका. दोन दिवस आधी कळवलं असतंत तर बरं झालं असतं, त्यांना मका शोधायला बाजारात जावं लागलं."

मी त्या कागदाकडं बघत बसलो.

"हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" निशिओसानना खरंच कळेना. "मांस खात नाही असं तुम्हीच सांगितलं होतं. तसं केलं."

"मग त्यांनी माफी कशाला मागितली? मी त्यांना चारचौघांत बोललो. त्यांनी एक शब्द उलट बोलायचा."

"तुम्ही रडत होता असं त्या म्हणाल्या," निशिओसान म्हणाले. "खिडकीवर आलेला माणूस रडतोय, तर आधी माफीच मागायची ना. त्यानंतरही दहा दिवस त्या तुमचे दोन करून ठेवत होत्या. मग मीच त्यांना सांगितलं, आता नको."

पेन पुन्हा हातात घेऊन ते थांबले. "मग दोष काय लिहू?"

मी म्हटलं, काही लिहू नका. त्यांनी रकाना मोकळा सोडला. त्यांना ते आवडलं नाही, हे दिसत होतं.

खोलीवर आलो. खण उघडला. करंडा गळ्यात घालायला आता कसलीच आडकाठी नव्हती. तोंड होतं तसंच होतं, अण्णांना दिलेला शब्द शाबूत होता. आनंद व्हायला हवा होता. मला इतकी लाज वाटत होती की करंड्याला हात लावायचं धाडस झालं नाही. मी खण तसाच लोटला, पुन्हा कचेरीत गेलो आणि निशिओसानना विचारून माफीचं एक मोठं, शिष्टाचाराचं जपानी वाक्य देवनागरीत लिहून घेतलं. ते पाठ करत करत कारखान्याला वळसा घालून गल्लीत शिरलो.

पाच वाजायला आले होते. खिडकीवर गिऱ्हाईक नव्हतं. तोमिनागाबाईंनी मला बघितलं आणि नेहमीसारख्या वाकल्या.

"शेटेसान. बऱ्याच दिवसांनी."

वाक्य निघून गेलं. एकूण एक शब्द. मी तोंड उघडून उभा राहिलो, आणि शेवटी त्यांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलेलं तेवढं आलं.

"दोन द्या."

बाईंनी मागं वळून बघितलं आणि मान हलवली. "आज तुमचं केलं नाही. सगळा बटाटा सकाळीच खिम्यात कालवला. आता शिल्लक नाही. उद्या या."

"उद्या मी जाणार. भारत."

"असं," त्या म्हणाल्या. झारा हातात तसाच राहिला.

मी समोरच्या मोठ्या ताटाकडं बोट केलं. "यातलं द्या."

हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोललो नाही, आज चौतीस वर्षांनीही खात्रीनं सांगतो. मी ते खाल्लं असतं. अण्णा, स्वामी, मठ, सगळं त्या वेळी एका बाजूला ठेवलं होतं. या बाईंनी दिलेलं काहीही, त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहून, विश्वासानं खायचं, एवढी एकच माफी मला मागता येण्यासारखी होती. नाणी मी फळीवर ठेवली.

बाईंनी नाण्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं. माझ्या मोकळ्या गळ्यावर त्यांची नजर थोडी थांबली.

"यात मांस आहे, शेटेसान."

"माहीत आहे. चालेल मला."

त्यांनी ताट दोन्ही हातांनी धरलं आणि माझ्यापासून लांब, आतल्या बाजूला ओढून घेतलं. आवाज अजिबात चढला नव्हता.

"मला नाही चालणार," त्या म्हणाल्या.

नाणी त्यांनी एकेक करून माझ्या हातात परत दिली आणि वाकल्या. माझ्या मागं एक बाई सायकल लावून उभी राहिली होती. मी बाजूला झालो. तोमिनागाबाईंनी ताट पुन्हा पुढं सरकवलं आणि तिला विचारलं, किती देऊ.